सुती लुगडी बोहारणीला देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांब झालंय, पण कापायला गेलं की महत्त्वाचंच निघून जातंय, म्हणून आहे तसं पाठवते.

मी बेळगावात वडगावला राहते आणि गेली चौतीस वर्षं घरातच शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, झबली, शाळेचे युनिफॉर्म, लग्नाच्या सीझनला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फॉल-पिको, हे सगळं केलंय. गल्लीत अशी घरं आहेत की आजीचा, लेकीचा आणि आता नातीचा पण ब्लाऊज मीच शिवलाय. मोठेपणा म्हणून नाही सांगत, पुढचं नीट कळावं म्हणून सांगते, कारण एवढं शिवून सुद्धा मला वाकळ, म्हणजे जुन्या कापडाचे थर घालून शिवलेली गोधडी, जमली नव्हती. एकदा करायला घेतली, पार बिघडली, माळ्यावर टाकली, आणि आता पाच वर्षांनी परत बसलेय. ह्या वेळी जमतेय. त्यात जे कळलं ते आपल्या भागातल्या शिवणाऱ्या बायकांपर्यंत जावं असं मनापासून वाटतंय.

पहिल्यांदा घेतली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. गिऱ्हाईक बंद, लग्नं बंद, आणि घरात कतरणीच्या दोन गोण्या भरून पडलेल्या. मोबाईलवर परदेशातल्या बायका कसं सुंदर पॅचवर्क करतात ते बघितलं, पाच-पाच इंचाचे चौकोन कापायचे, पाव इंचाची शिलाई धरायची, चौकोनाला चौकोन जोडत जायचं, मध्ये फायबरची शीट, खाली अस्तर, आणि वरून मशीन मारायची. मला वाटलं हे तर माझ्या डाव्या हातचं काम. कापले भराभर चौकोन. पण कतरण कसली तर कसली, कॉटनचं अस्तर, क्रेप, टेरिकॉट, जरीचं ब्रोकेड, सगळं एकत्र, रंग बघितला आणि जात बघितलीच नाही. पाव इंचात सुताभर फरक पडला तर एका जोडाला काही कळत नाही, पण एका ओळीत बारा जोड, त्यामुळे ओळ संपेपर्यंत बोटभर फरक, आणि ओळीला ओळ लावताना कोपरा कोपऱ्याला मिळेना. तरी ओढून ताणून लावलं. मग मशीनवर घातलं तर वरचं कापड पुढं सरकायला लागलं आणि खालचं मागं राहिलं का खालचं पुढं गेलं तेच कळेना, नुसत्या लाटा. दोन सुया मोडल्या. पुरी झाली कशीबशी, आणि पहिल्याच धुण्यात लाल रंग पसरला, कॉटन आटलं, पॉलिएस्टर आटलं नाही, प्रत्येक चौकोन आपापल्या परीनं चुरगळला. माझी लेक चांगली आहे, काही बोलली नाही, पण पांघरली पण नाही. मला फार वाईट वाटलं होतं, चौतीस वर्षांतल्या कुठल्या ब्लाऊजनं मला एवढं वाईट वाटायला लावलं नव्हतं.

आता कारणं सांगते, कारण माझ्यासारख्या शिवणाऱ्या बायका अगदी ह्याच जागी अडकतात. आपल्या साध्या मशीनला दाते फक्त खालून असतात, ते खालचं कापड ओढतात, आणि वरून फूट नुसतं दाबून धरतो. दोन पदरी ब्लाऊजला हे चालतं, पण तीन-चार जाड थर असले की खालचा थर दात्यांबरोबर चालायला लागतो आणि वरचा फुटाखाली अडून राहतो, मग शेवटी वरचं कापड जास्त उरतं आणि त्याची लाट होते. ह्यासाठी वॉकिंग फूट म्हणून वेगळा फूट मिळतो, त्याला वरून पण दाते असतात, दोन्ही थर बरोबर पुढं जातात, आणि सुई पण चौदा नंबरची नको, सोळा नाहीतर अठरा पाहिजे. हे तेव्हा माहीत असतं तर लाटा आल्या नसत्या. पण रंग गेलाच असता आणि कापड आटलंच असतं, कारण ती चूक मशीनची नव्हतीच, कापड ओळखण्याची होती. नवीन कॉटन आधी पाण्यातून काढून वाळवूनच कापायचं, आणि रंगाचा संशय आला तर पांढरा रुमाल ओला करून त्यावर दाबून बघायचा. ब्लाऊजचं अस्तर मी कायम भिजवून घेते, तरी वाकळेच्या वेळी ते डोक्यातच आलं नाही.

परत हातात घ्यायचं कारण झालं ते माझ्या आईची वाकळ. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, तिथला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला माहीत आहे, मिरगापासून जे धरतं ते गणपती येईपर्यंत अंथरुणाला ओल. तिथं घरात माणूस टिकतं ते वाकळेवर. सुगी झाली, खळं उठलं की आई आणि काकू सोप्यात वाकळ घालायच्या, जमीन कोरडी असते तेवढ्या दिवसांतच, आणि पावसाच्या आधी संपवायच्या. त्यातली एक मी लग्नात इकडं आणलेली. गेल्या हिवाळ्यात ती मधोमध फाटली आणि मी ठिगळ लावायला म्हणून एका बाजूनं उसवली, आणि बघतच बसले.

वर दिसतंय ते हिरवं लुगडं, त्याच्या खाली दुसरं, त्याच्या खाली बाबांचं धोतर, त्याच्या खाली मांजरपाट, आणि मधल्या भागात, जिथं माणसाची पाठ येते, तिथं आणखी एक जुनी वाकळ तुकड्यानं घातलेली. मी लहानपणी जी पांघरत होते तीच, तिचे टाके सुद्धा तसेच होते. म्हणजे वाकळेत वाकळ. आणि थर कसेही टाकलेले नव्हते हो, अंगाला लागतं तिकडं सगळ्यात झिजलेलं मऊ लुगडं, जमिनीला लागतं तिकडं घट्ट विणीचं, आणि जाड, खरबरीत ते सगळं आत. जोड एकावर एक येऊ दिलेले नव्हते, एका थराचा जोड डावीकडं तर दुसऱ्याचा उजवीकडं, नाहीतर तिथं बांध येतो आणि पाठीला टोचतो. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण हे सगळं तिनं हिशेबानं केलेलं. मी इंची टेप घेऊन कामाला बसणारी बाई, मला हा हिशेब कुणी शिकवला नव्हता, आणि ती होती तेव्हा मी विचारलं पण नाही.

आमच्या शेजारी एक आज्जी आहेत, कन्नड बोलणाऱ्या, विणकराच्या घरातल्या, वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्याकडं वाकळेला कौदी म्हणतात. मी उसवलेली वाकळ घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी आधी हात फिरवला, मग उलटी करून बघितली, आणि म्हणाल्या, "मशीन बाजूला ठेव आणि खाली बस." मी बसले. त्यांनी दोऱ्याला मेण लावून एक हात लांबीचाच दोरा ओवायला लावला, त्याच्याहून लांब घेतला तर गुंततो आणि कापडातून ये-जा करून विसकटतो. मी धावदोरा घालायला लागले, आणि सवयीनं प्रत्येक चार टाक्यांनी दोरा ओढून घट्ट करत होते, तर त्यांनी हात धरला. "एवढं घट्ट ओढू नको गं, कौदी हाय ती, ब्लाऊज नव्हं. सावकाश."

सावकाश हा शब्द आपल्याकडं मराठीत तोच आणि कन्नडमध्ये पण तोच. सुई म्हणजे सूजी, दोरा म्हणजे दारा. दोन भाषांतून शिकताना मला कुठं अडलं म्हणून नाही.

घट्ट का ओढायचं नाही ते दुसऱ्या दिवशी कळलं. धावदोरा ओढला की कापड त्या ओळीत जरासं गोळा होतं, दिसत पण नाही, पण शंभर ओळींना तसंच झालं की वाकळ चार-पाच बोटं आखूड होते आणि कडा वाकड्या होतात. आणि बारीक दाट टाका, ज्याचा आम्हा ब्लाऊजवाल्यांना एवढा अभिमान, तो पण इथं उपयोगाचा नाही. दाट टाक्यानं वाकळ ताठ होते, अंगाभोवती पडत नाही. त्यात झिजलेल्या कापडावर मशीन मारली की सुईच्या भोकांची सरळ रांग पडते आणि पुढं त्या रांगेवरूनच कापड फाटतं, माझ्या कितीतरी जुन्या परकरांचं असं झालंय. हाताचा टाका लांब असतो, सैल असतो, एका जागी तुटला तरी तेवढाच दोरा बदलता येतो. म्हणजे शिवणकामात ज्या ज्या गोष्टीला आपण चांगलं म्हणतो, घट्ट, बारीक, भराभर, त्या तिन्ही सोडल्या तेव्हा वाकळ यायला लागली. हे मला मान्य करायला आठ-दहा दिवस लागले.

कापडाचा हिशेब पण लिहिते, कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, ३२४ इंच. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येकी ८१ इंच, आणि पन्हा पंचेचाळीस-सेहेचाळीस इंच धरला तर एका लुगड्यात एका माणसाच्या वाकळेचे चार थर निघतात. सहावारी साडी साडेपाच मीटर असेल तर तीन तुकडे, प्रत्येकी सुमारे ७२ इंच. इरकल असेल तर पदर आधी काढून ठेवायचा, अंग सुती असलं तरी पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा नाहीतर आर्ट सिल्कचा असतो, दोन्हीचं आटणं वेगळं, आणि पदर अंगाला वेगळा जोडून विणलेला असतो, तो जोड जुना झाला की कमजोर पडतो. काठ मात्र टाकू नका, काठाची पट्टी वाकळेच्या चारी बाजूंनी लावली की कड वर्षानुवर्षं टिकते. थर पसरले की चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मी खलबत्ता, पाट्याचा वरवंटा आणि दोन विटा ठेवल्या, आणि मधून कडेकडं हात फिरवत सगळी हवा बाहेर काढायची, मग मोठे कच्चे टाके मधून चारी दिशांना घालायचे. हे पोटापाण्याचं काम सांभाळून करायचं तर दोन दिवस जातात, पण इथं घाई केली तर पुढं काही सुधारत नाही.

आणि मग ओळी. माझी वाकळ साठ बाय ऐंशी इंचाची आहे, अर्ध्या इंचावर ओळ धरली तर १२० ओळी, एक ओळ ८० इंच, म्हणजे ९६०० इंच, सुमारे २६६ वार टाके एका वाकळेत. मला एक ओळ घालायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे पूर्ण वाकळेला साठ तास. हा आकडा कागदावर मांडला तेव्हा मी तशीच बसून राहिले, कारण आईनं आमच्या घरात अशा किती घातल्या असतील.

ह्याच जागी एक गोष्ट सांगायची आहे. मी वाकळ घालतेय हे कळल्यावर एका दुकानदारानं निरोप पाठवला, अशा पाच-सहा करून द्या, एकीचे सातशे देतो. नाव लिहीत नाही, लिहायची गरज पण नाही. सातशेला साठनं भागा, तासाला बारा रुपये पण होत नाहीत, दोरा-सुई माझीच. मी नाही म्हटलं. पण ज्या बाईला दुसरं काम नाही ती हो म्हणणार, आणि मग "हाताची गोधडी" म्हणून ती काचेच्या कपाटात कितीला लागते ते आपण सगळे बघतोच. विकत घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ओळी मोजा, एका ओळीला अर्धा तास धरा, आणि मग भाव करा.

मधल्या काळात हल्याळला एका लग्नाला गेले होते, तिथं सिद्दी बायकांची कवंदी जवळून बघायला मिळाली. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागात सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बोलणं कोंकणी वळणाचं, आपल्याला बरंचसं कळतं. त्यांची पद्धत आपल्याहून वेगळी आहे. खाली जुनी साडी पसरायची आणि कडेपासून सुरुवात करून रंगीत तुकडे लावत लावत गोल फिरत मध्यावर यायचं, तुकडा लावणं आणि थर जोडणं एकाच टाक्यात. म्हणजे आधी चौकोन जोडा, मग कोपरे मिळवा हा जो मला घाम फुटला होता, तो प्रश्नच तिथं नाही, तुकडा जसा असेल तसा बसतो, एक टेकला की पुढचा त्याच्या कडेवर. आणि चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी लावतात, तिला फुला म्हणतात, ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत, तिच्याशिवाय ती उघडी म्हणतात. मी तिथं लग्न सोडून तासभर तेच बघत बसले होते, आमचे हे दोनदा बोलवायला आले.

बेळगावपासून तिकडं जायला काही दिवसभर लागत नाही. एवढ्याशा पट्ट्यात आपली वाकळ, कन्नड घरातली कौदी आणि सिद्दींची कवंदी, तीन हातांच्या तीन पद्धती, आणि मी पॅचवर्क शिकायला गेले कुठं तर मोबाईलवर परदेशात. त्यांचं वाईट आहे असं नाही, फार सुबक असतं, पण ते नव्या कापडासाठी, कटरसाठी, पट्टीसाठी बनलेलं आहे. आपलं जुन्या कापडासाठी बनलेलं आहे.

आणि आता ह्याला वेळ थोडाच उरलाय असं का वाटतं ते सांगते. वाकळ बंद पडली ती बायका आळशी झाल्या म्हणून, असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. कापडच गेलं. आमच्या वडगाव, खासबाग, शहापूरमध्ये एके काळी घराघरात हातमाग, मग पॉवरलूम आले, आणि आता मागावर बहुतेक आर्ट सिल्क नाहीतर पॉलिएस्टर. त्या साड्या दिसायला छान, धुवायला सोप्या, मी पण नेसते, माझी तक्रार नाही. पण त्यांची वाकळ होत नाही. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, दोन्हींत थरावर थर सरकतो, आणि मुख्य म्हणजे झिजून मऊ होत नाही. सुती लुगडं दहा वर्षं नेसून, धुवून, उन्हात वाळून जे मऊ होतं तीच खरी वाकळेची तयारी, ती आपण करत नसतो, लुगडं नेसणारी बाई करत असते. लुगडं नेसणाऱ्या आज्या आता गल्लीत दोन-तीन उरल्यात. त्या गेल्या की ट्रंका उघडतात, आणि सगळं बोहारणीला जातं, एका स्टीलच्या डब्यावर. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीत सात लुगडी गेली गेल्या वर्षी, सगळी सुती, एक चंद्रकळा पण होती. बोहारणीला दोष नाही, ती तिचं पोट भरते. देणाऱ्यांना माहीत नव्हतं एवढंच.

म्हणून लिहितेय की ट्रंक उघडाल तेव्हा आधी कापड ओळखा. कडेचा एक दोरा काढून जाळा, कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटानं विस्कटणारी राख पडली तर बहुतेक सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. सुती असेल तर ठेवा. तुम्हाला शिवायचं नसेल तर जी शिवते तिला द्या. ब्लँकेट वापरा, थंडीला स्वस्त आणि धुतल्यावर लगेच वाळतं, आमच्याकडं पण दोन आहेत, पण घरात आजी असेल तर एक दिवस तिच्याजवळ वही घेऊन बसा, तिनं थर कसे लावले, दोरा कुठला, कोपरे कसे दुमडले, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मी आईच्या वेळी नाही केलं. आता मला तिची वाकळ उसवून शिकावं लागतंय.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत रेसिपीला जागा असते, रांगोळीला असते, तशी थोडी जागा वाकळेला द्या. दर आठवड्याला एक वाकळ, फोटो, घालणाऱ्या बाईचं गाव, आणि तिनं काय कसं केलं ते. खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरी, प्रत्येक बाजूची पद्धत थोडी वेगळी असणार. लिहिता येत नसेल त्या आज्यांचं मी स्वतः जाऊन लिहून आणीन, वडगावपासून सुरुवात करीन, मानधन नको.

माझी वाकळ आता ९४ ओळींवर आली आहे. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं धुवायची असतात, त्यात आईची ठिगळ लावलेली आणि ही नवी, दोन्ही बरोबर धुवायच्या असं ठरवलंय, माहेरी नेऊन मलप्रभेवर, ओली वाकळ पिळायला चार बायका लागतात आणि त्या तिथं मिळतील. आज्जींना पण न्यायचं आहे. चारी कोपरे अजून तसेच आहेत. त्यासाठी आईच्या चोळीचा खण काढून ठेवलाय, तीन तुकडे निघाले, चौथ्याला थोडं कमी पडतंय तिथं लेकीच्या परकराची पट्टी लावेन. दुपारी लाईट गेली की मशीनचं काम थांबतं, तेव्हा बसेन.

आपली एक वाचक,
वडगाव, बेळगाव